न मोजलेले एकोणतीस

अख्खं हॉस्पिटल त्यांना मिलिमीटर म्हणायचं. तोंडावर नव्हे, अर्थात. तोंडावर 'काका'. पण ते जिना उतरून गेले की मागे कुणीतरी म्हणायचंच, "चालले बघ मिलिमीटर." त्यांना ते ऐकू यायचं. वाईट मुळीच वाटायचं नाही. उलट मान जराशी ताठ व्हायची.

आता हे नाव उगाच पडलं नव्हतं. तळघरात, जिन्याच्या डाव्या हाताला, जी लांबट खोली होती ती जंतूंची. दारावर 'सूक्ष्मजीव विभाग' अशी पाटी होती, पण तसं म्हणायला वेळ कुणाला आहे? वरच्या वॉर्डांतून तिथे पू यायचा, लघवी यायची, थुंकी यायची. नाक मुरडू नका, तुमची-आमचीच असते ती. त्यातला जंतू काढायचा, वाढवायचा, आणि मग जेलीसारख्या थराच्या प्लेटवर, भिंतीला रंगाचा हात द्यावा तसा, एकसारखा फिरवायचा. वर कागदाच्या इवल्या चकत्या ठेवायच्या. प्रत्येक चकतीत एकेक अँटिबायोटिक मुरवलेलं. दुसऱ्या दिवशी बघायचं. सगळ्या प्लेटवर जंतूंची साय धरलेली असते. पण एखाद्या औषधापुढे त्यांचं काही चाललं नसेल, तर त्या चकतीभोवती काचेसारखा स्वच्छ गोल राहतो. तो गोल, म्हणजे झोन, मोजायचा. मिलिमीटरमध्ये. एकवीस आला तर औषध लागू, सतरा आला तर नाही. एवढ्यावर वरचा डॉक्टर ठरवतो की तुमच्या शिरेत काय सोडायचं. म्हणजे बघा, दोन-चार मिलिमीटरांत माणूस इकडचा तिकडे होतो.

मिलिमीटरांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते प्रत्येक झोन दोनदा मोजायचे, एकदा आडवा, एकदा उभा. कुणी अंदाजानं आकडा सांगितला की त्यांचं डोकं फिरायचं. "सुमारे वीस म्हणजे काय? सुमारे जिवंत आहे असं म्हणता का कधी?"

पूर्वी हे बोलणं ऐकायला खोलीत पाच जण होते. मग वरच्या मजल्यावर मशीन आलं. पाचही जण मशीनच्या दिमतीला गेले. मशीनच्या डोक्यावरून जाणारे हट्टी नमुने तेवढे खाली यायचे. खाली एक टेबल, दोन फ्रीज, एक उबेचं कपाट आणि मिलिमीटर. वापरलेल्या प्लेटा वाफेत घालून त्यांतले जंतू मारायला रोज एक मावशी यायच्या. त्या जात्याच अबोल. डबा उघडण्याचा आवाज झाला तर तो स्वतःचाच, हे मिलिमीटरांना इतकं अंगवळणी पडलं होतं की ते प्लेटांशी बोलायला लागले होते. "काय रे, उगवलास का? शहाणा आहेस."

घरी तरी कोण होतं म्हणा! बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक दूरच्या शहरात, तिचा रविवारी फोन. "बाबा, जेवलात?" "हो." "तब्येत?" "ठीक." मग दोघंही एकदमच "बरं मग" म्हणायचे आणि दोघांनाही सुटल्यासारखं व्हायचं. प्रेम नव्हतं असं नाही हो. पण रोज ज्याच्याशी बोलत नाही, त्याच्याशी बोलायला विषय आणायचा कुठून? एकदा सहज म्हणून त्यांनी आठवड्यात आपल्याशी किती माणसं बोलली ते मोजलं. चार. त्यांतला एक तर चुकून आत आला होता, त्याला एक्स-रे हवा होता.

आता घरजावयाची ओळख करून देतो, त्याच्यावाचून पुढचं काही कळायचं नाही. लॅबच्या फ्रीजमध्ये एक ओळखीचा जंतू पाळलेला असतो. रोग्याचा नव्हे, लॅबचा. कुठल्या औषधाला त्याचा झोन किती यायला हवा हे आधीच पक्कं ठरलेलं. दर सोमवारी त्याला प्लेटवर घालायचं, मंगळवारी मोजायचं, रजिस्टरात लिहायचं. त्याचे आकडे बरोबर आले, तर चकत्या चांगल्या. नाही आले, तर चकत्यांत काहीतरी बिघडलंय, आणि त्या चकत्यांवरचा एकही रिपोर्ट बाहेर जाऊ द्यायचा नाही. वर्षानुवर्षं फ्रीजमध्ये आयता राहतो, आयतं खातो, कधी काही वेगळं करत नाही. म्हणून मिलिमीटर त्याला घरजावई म्हणायचे. राखीव औषधाला, म्हणजे बाकी सगळी औषधं हरली की डॉक्टर जे काढतात त्याला, घरजावयाचा झोन एकोणतीस यायचा. कधीतरी अठ्ठावीस, कधीतरी तीस. अकरा वर्षं तो रकाना असाच भरत आला होता.

त्या मंगळवारी सकाळी दारात एक नवीन सिस्टर येऊन उभी राहिली. हाडांच्या वॉर्डात नुकतीच बदलून आलेली, तिशीची, बडबडी.

"तुम्हीच का ते? आमचे नमुने नीट येत नाहीत म्हणून तुम्ही तीन चिठ्ठ्या पाठवल्यात. तिसरीत तर चांगलंच झापलंय. म्हटलं, आपणच जाऊन विचारावं, काका, नेमकं चुकतंय काय?"

सव्वीस वर्षं ते अशा चिठ्ठ्या पाठवत आले होते. असं विचारायला आजवर कुणी खाली आलं नव्हतं.

मिलिमीटरांनी तिला खुर्ची दिली. स्वतःची दिली, कारण दुसरी नव्हती. जखमेवरचा वरवरचा पू नको, आतला हवा, हे सांगितलं. मग ती "प्लेट बघू?" म्हणाली. त्यांनी एक प्लेट उजेडात तिरकी धरली. "अय्या, किती सुंदर दिसतंय हो!" ती म्हणाली, आणि मिलिमीटरांचं काय झालं विचारू नका. त्यांनी हिरवे जंतू दाखवले, जांभळे दाखवले, एकाचा वास द्राक्षांसारखा येतो ते सांगितलं. बायकोला पहिल्यांदा लॅब दाखवायला आणलं तेव्हा ती प्रत्येक प्लेटला "आणि हा कुणाला झाला होता, वाचला का तो?" असं विचारत होती, ते सांगितलं. हे त्यांनी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. सिस्टर हसली, मग म्हणाली, "छान होत्या हो काकू." तास कसा गेला कळलं नाही. मधे मावशी येऊन ट्रे घेऊन गेल्या. मिलिमीटर बोलतच होते.

ती गेल्यावर ते रजिस्टर घेऊन बसले. घरजावयाची प्लेट ट्रेमध्ये होती. ट्रे वाफेत गेला होता.

मोजायचं राहिलं होतं.

पुन्हा करायचं तर आणखी एक दिवस. आणि रकान्यात बघा: एकोणतीस, एकोणतीस, तीस, एकोणतीस. दुसरं येणार काय होतं? बाहेरच्या माणसाला ही चूक चूकसुद्धा वाटायची नाही. जो आकडा यायचाच, तो लिहिला, एवढंच. मिलिमीटरांनी एकोणतीस लिहिलं, खाली सही केली आणि रजिस्टर मिटलं. मन इतकं हलकं होतं की शीळ घालावीशी वाटली. घातलीसुद्धा.

राखीव औषधाच्या चकत्यांची नवी कुपी त्यांनी आदल्याच दिवशी उघडली होती. ती कुपी खाली येण्याआधी स्टोअरच्या टेबलावर फ्रीजबाहेर दोन दिवस पडून होती, दमटात. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारा एकच होता, घरजावई. त्याला त्यांनी न विचारता वाफेत घालवलं होतं.

गुरुवारी एक नमुना मोजायचा होता. हाडांच्या वॉर्डातली एक बाई, वय एकोणसत्तर, खुब्याचं ऑपरेशन, जखम चिघळलेली. जंतू जबर. चार औषधांना जुमानत नव्हता. पाचवं राखीव. मिलिमीटरांनी झोन आडवा मोजला, चौदा. उभा मोजला, चौदा. मोजणं अगदी अचूक. फक्त चकतीत औषधाचा जीव उरला नव्हता.

त्यांनी वॉर्डात फोन लावला. फोन सिस्टरनंच घेतला.

"राखीवसुद्धा नाही?" तिचा आवाज उतरला. "अरे देवा! आमच्या हॅलोबाईंचा आहे हो तो. टेलिफोन ऑपरेटर होत्या, चौतीस वर्षं. वॉर्डात कुणाचाही फोन वाजला की त्या झोपेतसुद्धा 'हॅलो' म्हणतात. बरं, आता त्यांना वेगळ्या खोलीत हलवावं लागेल. आणि ते इंजेक्शन."

इंजेक्शन म्हणजे जुनं, जड औषध. जंतू मारतं, पण मूत्रपिंडाला आणि कानांना सोसत नाही. म्हाताऱ्या माणसाला तर नाहीच. डॉक्टर ते नाइलाजानंच देतात. आणि राखीव औषधाला न जुमानणारा जंतू दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून रोग्याला दार लावून एकटं ठेवतात. आत जाणारा गाऊन घालून, तोंड बांधून, हातमोजे चढवून जातो आणि काम झालं की निघतो.

हे सगळं मिलिमीटरांना माहीत होतं. वाईटही वाटलं. पण रिपोर्ट तो रिपोर्ट.

पुढच्या मंगळवारी त्यांनी घरजावयाची प्लेट उजेडात धरली. राखीव औषधाभोवती एवढासा गोल. पंधरा. उभा मोजला, पंधरा. पट्टी पुसून पुन्हा मोजला. पंधराच.

गेल्या मंगळवारच्या ओळीत त्यांच्याच वळणदार अक्षरात एकोणतीस लिहिलेलं होतं.

खोलीत कुणीही नसताना ते चोरासारखे इकडेतिकडे बघायला लागले. मग भराभर कामाला लागले. हॅलोबाईंचा जंतू फ्रीजमध्ये जपून ठेवलेला होता. दुसऱ्या विभागातून चांगल्या चकत्या मागून आणल्या, प्लेट लावली, उबेत ठेवली. आता उत्तर उद्या. साडेअकरा वाजले होते. फोन हाताशी होता.

फोन करायला हवा होता. मी तर म्हणतो, त्याच क्षणी करायला हवा होता. "सिस्टर, संध्याकाळचं इंजेक्शन थांबवायला सांगा, माझ्या चकत्यांचा भरवसा नाही." एवढं एक वाक्य. पण वाक्याच्या मागून प्रश्न आला असता, की गेल्या मंगळवारी मग कसं बरोबर आलं? आणि विचारणारी ती असती. मिलिमीटर स्वतःला म्हणाले, झोन बघितल्याशिवाय आपण कधी बोलत नाही. हा आपला नियमच आहे. उद्या बघू, मग सांगू.

नियम खरा होता. म्हणूनच त्याच्या आड लपता आलं.

संध्याकाळचं इंजेक्शन दिलं गेलं. बुधवारी सकाळचंही.

बुधवारी साडेदहाला त्यांनी नवी प्लेट काढली. राखीव औषधाभोवती भला मोठा, लखलखीत गोल. सव्वीस. जंतू त्या औषधानं पहिल्यापासून मरत होता. साधं, कानांना न दुखवणारं औषध, आणि दार उघडं.

ते विभागप्रमुख बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. न मोजल्याचंही. बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"तुम्ही? अहो, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजू शकले असते. तुम्ही?"

बाईंनी चष्मा परत चढवला.

"चकत्या खराब निघाल्या, सुधारित रिपोर्ट पाठवला, एवढंच लिहा. रजिस्टरचं काय करायचं ते मी बघते. औषध आत्ताच बदलायला सांगते. आणि बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. रोग्याशी तर नाहीच नाही."

पण सिस्टरला सांगितल्यावाचून त्यांना राहवेना. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते जिना चढून हाडांच्या वॉर्डात गेले. तिला बाजूला बोलावून सांगितलं. ती हळूच म्हणाली, "गेला मंगळवार? म्हणजे मी आले होते तेव्हा?"

"तुमचा काही संबंध नाही त्यात."

"परवापासून त्यांच्या कानात शिट्ट्या वाजतायत, काका. काल मी हाक मारली तर त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही."

त्यानंतर ती खाली आली नाही. नमुने मात्र अगदी नीट यायला लागले, आतला पू, वेळ घातलेले, सही केलेले. मिलिमीटरांना कुठे नाव ठेवायला जागा नव्हती, आणि चिठ्ठी पाठवायलाही.

औषध बंद केलं तरी कान लगेच सावरत नाहीत. आणखी काही दिवस उतरत जातात. शनिवारी मिलिमीटर पुन्हा वर गेले तेव्हा हॅलोबाईंना मोठ्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर आणलं होतं. बारीक चणीची बाई, केस घट्ट बांधलेले, डोळे टपोरे. मिलिमीटरांनी स्टूल ओढलं आणि मान खाली घालून एका दमात सगळं सांगून टाकलं. ट्रे, वाफ, एकोणतीस, मंगळवारचा न केलेला फोन. शेवटी "मला माफ करा" म्हणून त्यांनी वर पाहिलं.

बाई हसत होत्या.

"एक अक्षर ऐकू आलं नाही हो!" त्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा. "पण बोलताय छान. सात दिवसांत माझ्यापाशी स्टूल ओढून बसलेले तुम्ही पहिलेच. कुठल्या खात्याचे?"

उशाशी सिस्टरनं दिलेलं पॅड आणि पेन होतं. मिलिमीटरांनी पेन उचललं. आणि लिहिलं, 'तळघरातली लॅब.'

"काय सांगता! मग उद्या या की. रविवारी इथे अगदी स्मशान असतं."

ते रविवारी गेले. सोमवारी गेले. मंगळवारी, बुधवारी गेले. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊनच वर जायला लागले. ती बाई म्हणजे काय बाई होती! चौतीस वर्षं लोकांचे आवाज जोडून दिले होते तिनं. कोण कर्ज मागतोय, कोण लग्नाचं विचारतोय, कोण रडू दाबतोय, पहिल्या श्वासात ओळखायची. एका माणसानं सलग नऊ वर्षं दर शुक्रवारी चुकीचा नंबर मागितला, तो फक्त हिच्याशी दोन शब्द बोलायला, हे तिनं सांगितलं तेव्हा मिलिमीटरांना ठसका लागला. ते पॅडवर लिहायचे, ती बोलायची. 'मग लग्न का नाही केलंत त्याच्याशी?' त्यांनी लिहिलं. "चेहरा बघितला ना एकदा!" ती म्हणाली, आणि दोघं हसत सुटले. शेजारच्या खाटेवरच्या आजी बघायला लागल्या.

रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा मिलिमीटर पंधरा मिनिटं बोलले. लेक घाबरली. "बाबा, बरं आहे ना सगळं?"

आणि ते? ते पॅडवर आलं नव्हतं. हवेबद्दल लिहिलं, जंतूंबद्दल लिहिलं, बायकोबद्दल एक अख्खं पान लिहिलं. ते मात्र नाही. सांगितलं की मी, मिलिमीटर मनाशी म्हणायचे. समोर बसून, तोंडानं, सगळं सांगितलं. तिला ऐकू आलं नाही, यात माझा काय दोष? असं म्हणायचे आणि त्यांचं त्यांनाच ओशाळं वाटायचं. कारण खरं काय ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. कागदावर ते लिहिलं, की स्टूल जाणार. मग पुन्हा तळघर, दोन फ्रीज, अबोल मावशी आणि "बरं मग".

गुरुवारी ते गेले तेव्हा बाई उठून बसल्या होत्या. डबा उघडू दिला नाही.

"एक विचारते. डॉक्टर लिहून देतात, औषधाचा परिणाम. बरं. मग ते औषध का दिलं? तर म्हणे गरज होती. मग आठवड्यात एकाएकी गरज संपली कशी? ते हसतात आणि पुढच्या खाटेवर जातात. सिस्टरला विचारलं तर तिच्या डोळ्यांत पाणी येतं, बोलत कुणीच नाही." त्यांनी पॅड पुढे केलं. "मी जन्मभर दोन माणसांच्या मधे बसलेली बाई आहे. कुणी काही लपवतंय, हे मला ऐकल्याशिवायही कळतं. तुम्ही लॅबमधले. माझे म्हणून विचारते. काय झालं?"

माझे म्हणून.

मिलिमीटरांनी पेन घेतलं. 'मला' असं लिहिलं आणि थांबले. पुढे 'माहीत नाही' लिहिता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता, किंवा ठेवल्यासारखं केलं असतं, आणि उद्या पुन्हा डबा उघडला असता. नोकरीही राहिली असती, निवृत्तीला चौदाच महिने उरले होते. सगळ्यांचं बरं झालं असतं. तिचे कान तर तसेही परत येणार नव्हते.

मग ते पुढे लिहायला लागले. 'मला एक गोष्ट मोजायची होती, ती मी मोजली नाही. न मोजता आकडा लिहिला. त्यामुळे तुमचा रिपोर्ट चुकला. साधं औषध तुम्हांला पहिल्या दिवसापासून चाललं असतं. चूक माझ्या लक्षात आली तेव्हा मी लगेच फोन केला नाही. एक दिवस थांबलो. त्या दिवसात तुम्हांला दोन इंजेक्शनं दिली गेली. शनिवारी मी हेच सांगायला आलो होतो. तुम्हांला ऐकू आलं नाही, ते माझ्या सोयीचं झालं, म्हणून मी ते पुन्हा लिहिलं नाही.' अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. त्यांना त्याचीच लाज वाटली.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "म्हणजे ती बंद खोली? ते दार? त्याचीही गरज नव्हती?"

मिलिमीटरांनी मान हलवली. नव्हती.

"माझी शेजारीण आली होती. तिला दारात गाऊन दिला, तोंड बांधायला लावलं. घाबरली बिचारी, काचेतून हात हलवला आणि गेली ती पुन्हा आली नाही. तिच्याशिवाय मला कुणी नाही." आवाज चढत गेला. कानांना पत्ता नव्हता. "कानांचं मी मनाला समजावलं होतं हो. म्हातारपणी जातातच कान. पण सात दिवस! सात दिवस मला कुणी उघड्या हातानं शिवलं नाही. पाणी पाजलं तरी हातमोजे घालून. मला वाटायला लागलं, आपण घाण झालोय. रात्री मी माझाच एक हात दुसऱ्या हातात धरून झोपायचे. हे मोजता येतं का तुमच्या पट्टीनं?"

नाही येत. मिलिमीटरांनी पॅडवर 'चुकलो' एवढंच लिहिलं. बाईंनी ते न वाचताच पॅड सरकवून दिलं.

"जा तुम्ही."

मिलिमीटर उठले. डबा उचलला. स्टूल जागच्या जागी, भिंतीला टेकवून ठेवलं. शेजारच्या आजींनी डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं होतं. दाराजवळ सिस्टर हातात औषधांचा ट्रे घेऊन खिळून उभी होती. त्यांना वाट द्यायला ती बाजूला झाली.

ते दारात पोचले तोच मागून आवाज आला, पार जिन्यापर्यंत जाईल एवढा मोठा.

"उद्या यायचं पण! माझं भांडण संपलेलं नाही. आणि भांडू तरी कुणाशी मी इथे?"

"येतो," मिलिमीटर म्हणाले.

ते तिला ऐकू जाणार नव्हतं. आणि तोंड तर तिनं खिडकीकडे फिरवलेलं. मग डबा सिस्टरच्या ट्रेवर ठेवून परत आत आले, खाटेला वळसा घालून खिडकीच्या बाजूला गेले, तिच्या नजरेसमोर उभे राहिले आणि त्यांनी होकाराची मान डोलावली.